ओटीचा तळ



पैनगंगेच्या दक्षिणेस, तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यात जैनथ नावाचे गाव आहे. लक्ष्मीनारायणाच्या प्राचीन देवळामुळे हे नाव दूरवर ठाऊक आहे. १९५६ साली हैदराबाद राज्य मोडून भाषावार प्रांत झाले तेव्हा हा मुलूख आंध्र प्रदेशात गेला, आणि २०१४ साली तो तेलंगणात आला. कचेरीची भाषा तेलुगू झाली, परंतु सीमेवरील कित्येक घरांत चुलीपाशी मराठीच बोलली जात राहिली. जमीन काळी, पीक कापसाचे. दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटी फुटली की घरातील बाई, मग ती लेकुरवाळी असो की सात महिन्यांची गर्भार असो, कमरेला फडके बांधून वेचणीस जाते आणि सांजवेळी दिवसभराच्या कापसाचे गाठोडे डोक्यावर घेऊन परतते.

या वाटेने येणाऱ्या बायांमध्ये एखादी अशी असते की जी खोकल्याचा ठसका येताच मांड्या आवळून उभी राहते. ती लग्नकार्यास जाणे टाळते, मोटारीचा लांबचा प्रवास टाळते, आणि प्रार्थनेसही दाराजवळची जागा धरून बसते. कारण विचारले तर अंग दुखते म्हणते. खरी गोष्ट अशी असते की दुसऱ्या किंवा तिसऱ्या बाळंतपणापासून तिला लघवी धरवत नाही. किंवा दिवस कलता कलता ओटीपोटातून काही खाली उतरल्यासारखे तिला वाटते. हे ती नवऱ्यास सांगत नाही. सासूला सांगितलेच, तर 'बायकांचे असेच असते' एवढे उत्तर मिळते. कारण सासूनेही तेच मुकाट्याने सोसलेले असते.

बायकांचे असेच असते, ही समजूत खोटी आहे. हे दुखणे पुष्कळ अंशी टाळता येते, आणि झालेच तर त्यावर उपाय आहेत. यासाठी जे करावयाचे त्याला एक पैसाही लागत नाही. म्हणून आज या सदरात, जे आपण आपसातही बोलत नाही, ते मर्यादेने परंतु स्पष्टपणे सांगावयाचे योजिले आहे.

हा तळ म्हणजे काय

आपल्या मराठी मुलखात ओटी भरण्याला केवढा मान! परंतु ज्या ओटीत नऊ महिने मूल वाढते, तिचा तळ कशाचा आहे, हे ठाऊक असणाऱ्या स्त्रिया थोड्याच.

हा तळ हाडाचा नाही. कमरेखालील हाडांचा घेर खालून मोकळाच असतो. पुढे जघनास्थी, म्हणजे ओटीपोटाच्या खालच्या टोकास हाताला लागणारे हाड, आणि मागे माकडहाड, यांच्या दरम्यान स्नायूंचा एक पट ताणून बसविलेला असतो. बाजेच्या चौकटीवर नवार विणलेली असते, तसाच हा प्रकार समजावा. या नवारीवर पुढे मूत्राशय, मध्ये गर्भाशय आणि मागे मलाशय टेकलेले असते, आणि तिघांचे मार्ग याच पटातून बाहेर पडतात. पट घट्ट असेल तर मार्ग आपल्या ताब्यात राहतात आणि वरचे अवयव जागच्या जागी राहतात. पट सैल झाला की बाजेला झोळ पडावा तसे सर्व खाली येऊ लागते.

गर्भारपणात या पटावर महिनोमहिने वाढते ओझे असते. शिवाय त्या दिवसांत शरीरातील रसद्रव्यांमुळे सांधे व बंध काहीसे सैलावतात. प्रत्यक्ष जन्माच्या घटकेस बाळाचे डोके याच पटातून वाट काढते, आणि त्या वेळी त्यातील मधले स्नायू मूळ लांबीच्या सुमारे तिप्पट ताणले जातात, असे अभ्यासकांनी गणिताने दाखविले आहे. देहाची रचनाच अशी थोर की बहुतेक वेळा इतके ताणूनही ते पुन्हा आवळतात. परंतु त्यांना त्यासाठी अवधी आणि व्यायाम हवा असतो. जैनथसारख्या गावी या दोन्ही गोष्टी दुर्मीळ.

बाळंतपणानंतर सुमारे तीन स्त्रियांपैकी एकीला लघवी गळण्याचा त्रास होतो, असे जगभरच्या पाहणीत आढळले आहे. तेव्हा ज्या माउलीस असे वाटते की आपणच एकटी अभागी, तिने हे जाणावे की तिच्या बाकावर तिच्यासारखीच आणखी एखादी बसलेली आहे.

शेजारच्या जिल्ह्याने काय शिकविले

आपल्या सीमेपासून फार दूर नसलेल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य १९८६ पासून काम करीत आहे. त्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून तिचा निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या विलायतेतील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. शंभरांपैकी ९२ स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी कोणता ना कोणता विकार होता. आणि पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरांत अवघ्या ८ होत्या. जगातील वैद्यांना तोवर वाटत होते की खेड्यातील बाईचे आरोग्य म्हणजे फक्त बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. त्या दोन गावांतील बायांनी तोंड उघडले, तेव्हा हा समज दूर झाला.

मौनाची दुसरी किंमत मराठवाड्यात दिसली. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची २०१९ साली सरकारी पाहणी झाली, तेव्हा विचारणा केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भपिशवी काढून टाकलेली आढळली. अंग दुखते, पांढरे जाते, ओटीपोट जड वाटते, अशा तक्रारींचा शेवट तरुण वयात पिशवी काढण्यात व्हावा, ही शोचनीय गोष्ट आहे. काही रोगांत ही शस्त्रक्रिया आवश्यक असते, यात शंका नाही. परंतु दुखण्याच्या आरंभीच ज्ञान आणि साधा उपचार मिळाला असता, तर त्यांतील कितीएक जणींना त्या मेजावर जावे लागले नसते.

ही विद्या कोठून आली

या स्नायूंना व्यायाम देण्याची पद्धत १९४८ साली अमेरिकेतील डॉ. आर्नल्ड केगेल यांनी शास्त्रीय रीतीने मांडली. बाळंतपणानंतर लघवी न धरवणाऱ्या स्त्रियांवर ते उपचार करीत. शस्त्रक्रियेपूर्वी या स्नायूंना हळूहळू बळकट करून पाहावे, असे त्यांनी सुचविले, आणि पुष्कळ स्त्रियांना पुढे शस्त्रक्रियेची गरज उरली नाही. आजही जगभर हे व्यायाम त्यांच्याच नावाने ओळखले जातात. आपल्या देशातील हठयोग्यांना या स्नायूंचे आकुंचन फार पूर्वीपासून ठाऊक होते. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातही मूळबंधाचे वर्णन आहे. परंतु ती विद्या योगसाधकासाठी होती. बाळंतिणीच्या बाजेपर्यंत ती कोणी नेली नाही.

ज्यांचे अंग खरोखरच बाहेर येत असे, त्यांच्यासाठी मात्र आपल्याच लोकांनी मोठे काम केले. गोव्यातील शिरोडा गावी १८९९ साली जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर आणि मुंबईचे डॉ. पुरंदरे यांनी, तरुण स्त्रीचे गर्भाशय न काढता ते वर उचलून बांधण्याच्या शस्त्रक्रिया शोधून काढल्या. त्यांची नावे आजही जगातील शस्त्रक्रियेच्या ग्रंथांत आहेत.

व्यायामाचा खरोखर उपयोग होतो काय, हा प्रश्न अलीकडे कसून तपासला गेला आहे. २०२० साली अशा ४६ प्रयोगांचा एकत्र विचार करण्यात आला; त्यांत दहा हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. ज्यांना आधी त्रास नव्हता आणि ज्यांनी गर्भारपणातच व्यायाम आरंभिला, त्यांच्यात शेवटच्या महिन्यांत लघवी गळण्याचे प्रमाण निम्म्याहूनही कमी आढळले, आणि बाळंतपणानंतरच्या तीन ते सहा महिन्यांतही ते सुमारे तीन-दशांशाने कमी होते. त्रास सुरू झाल्यानंतर आरंभिलेल्या व्यायामाचा लाभ इतक्या खात्रीने सांगता येत नाही. तात्पर्य हे की, पाऊस येण्यापूर्वी छप्पर शाकारावे.

व्यायामाची रीत

प्रथम हे स्नायू ओळखता आले पाहिजेत. स्वस्थ बसावे. चारचौघांत पोटातील वारा सरू नये म्हणून आपण जसे आवरून धरतो तसे मागचे द्वार आवळावे. त्याच वेळी लघवी रोखल्याप्रमाणे पुढचा मार्गही आवळावा. आणि हे सारे आतून वर उचलले जात आहे असा प्रयत्न करावा. आत काही उचलल्यासारखे वाटले की स्नायू सापडले. पोट, ढुंगण आणि मांड्या सैल असाव्यात. श्वास कोंडू नये. शेजारी बसलेल्या बाईस काही चालले आहे असा संशयदेखील येता कामा नये. येत असेल तर चुकीचे स्नायू आवळले जात आहेत. खाली जोर देणे ही तर उलटीच क्रिया होय. तिने हानी होते.

लघवी करताना मध्येच धार थांबविणे हा व्यायाम नव्हे. स्नायू ओळखण्यासाठी एखादे वेळी तसे करून पाहिले तर चालेल, परंतु नित्य तसे केल्यास मूत्राशय पुरते रिकामे होत नाही.

आता क्रम सांगतो. श्वास सोडता सोडता स्नायू आवळून वर उचलावेत, मनात पाच अंक मोजेपर्यंत धरावेत, आणि मग सावकाश पुरते सैल सोडावेत. तितकाच वेळ विसावा घ्यावा. असे आठ ते दहा वेळा करावे. पुढे सवय झाली की पाचाचे दहा अंकांपर्यंत न्यावे. त्यानंतर झटकन आवळणे आणि झटकन सोडणे, असे दहा वेळा करावे. हा एक पाठ झाला. दिवसातून असे तीन पाठ करावेत. सकाळ, दुपार आणि संध्याकाळ या तीन वेळी देवदूताच्या निरोपाची प्रार्थना म्हणण्याची ज्या घरांत रीत आहे, तेथे प्रार्थनेनंतर लगेच हा पाठ केला तर विसर पडणार नाही. पहिल्या दिवशी तीन अंकांपर्यंतच धरवले तरी निराश होऊ नये. फळ दिसण्यास निदान तीन महिने लागतात. आठ दिवसांत सोडून देणाऱ्यास ते दिसत नाही.

आरंभी कुशीवर निजून करावे, मग बसून, मग उभ्याने. गर्भारपणाच्या कोणत्याही महिन्यात आरंभ करता येतो, परंतु जितका लवकर तितका बरा. ज्या स्त्रीस रक्तस्राव झाला आहे, किंवा जिला दिवस भरण्यापूर्वी कळा येण्याची भीती सांगितली आहे, तिने आधी डॉक्टरांना विचारावे. व्यायाम करताना वेदना होत असतील तर तो थांबवून सल्ला घ्यावा. काही स्त्रियांचे स्नायू सैल नसून अति आवळलेले असतात, आणि त्यांना सैल करण्याचाच व्यायाम लागतो.

आणखी एक युक्ती फार उपयोगी आहे. खोकला किंवा शिंक येणार, किंवा कळशी उचलावयाची, असे वाटताच क्षणभर आधी हे स्नायू आवळून धरावेत आणि मग खोकावे किंवा ओझे उचलावे. पुढे देहाला आपोआप तशी सवय लागते.

सैल सोडण्याचीही विद्या

आवळणे शिकले की निम्मे शिक्षण झाले. उरलेले निम्मे सैल सोडण्यात आहे, आणि प्रसूतीच्या घटकेस तेच कामी येते. भीतीने देह आखडतो. आखडलेल्या वाटेतून बाळास बाहेर येणे कठीण होते, आणि वेदना वाढते. कळ आली की जबडा आणि खांदे सैल सोडावेत, लांब श्वास सोडावा, आणि व्यायामात प्रत्येक वेळी शेवटी जसे सैल सोडले तसेच आता सोडावे.

वेदना हलकी करण्याचा प्रयत्न करणे देवाच्या इच्छेविरुद्ध तर नव्हे, अशी शंका एके काळी श्रद्धाळू घरांत घेतली जाई; कारण एव्हेस सांगितलेल्या शब्दांचा अर्थ पुष्कळ लोक तसा लावीत. ८ जानेवारी १९५६ रोजी पोप बारावे पायस यांनी डॉक्टरांपुढे भाषण करून या शंकेचे निरसन केले. आईला देहाचे ज्ञान देऊन, भीती घालवून आणि श्वास व स्नायू यांची तयारी करून वेदना हलकी करण्यात नीतीच्या दृष्टीने काहीही वावगे नाही, आणि पवित्र ग्रंथातील त्या वचनाने असा उपाय निषिद्ध ठरत नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. तेव्हा आपल्या घरातील कोणी वडीलधारी स्त्री 'सोसलेच पाहिजे' असे म्हणत असेल, तर तिला ही गोष्ट नम्रपणे सांगावी.

प्रसूतीच्या वेळी पुढील गोष्टी लक्षात असू द्याव्यात. गर्भाशयाचे मुख पूर्ण उघडण्यापूर्वी जोर करू नये. त्याने शीण वाढतो आणि तळाला इजा होते. पाठीवर उताणे पडण्याऐवजी कुशीवर निजणे, टेकून बसणे किंवा गुडघे-हात टेकणे ज्या स्त्रीस सोयीचे वाटेल, तिने तसे विचारून पाहावे. बाळाचे डोके येण्याच्या वेळी कोमट पाण्यात भिजविलेले स्वच्छ फडके खाली धरल्यास मोठी फाट पडण्याचा धोका कमी होतो. पोट वरून दाबून मूल बाहेर ढकलण्याचा प्रकार करू देऊ नये, आणि सरसकट प्रत्येक बाईस चीर देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली स्पष्ट सांगितले आहे. चीर आवश्यक पडलीच तर ती देणाऱ्याचा निर्णय मानावा, परंतु ती का दिली हे विचारण्याचा अधिकार आईला आहे.

तेलंगणात आता बहुतेक सर्व बाळंतपणे रुग्णालयातच होतात, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय पाहणीप्रमाणे या राज्यात शंभरांपैकी सुमारे ६१ मुले पोट कापून जन्मास आली; भारतात इतके प्रमाण दुसऱ्या कोठेही नव्हते. पोट कापले म्हणजे तळ वाचला, असे कित्येकींना वाटते. तो अर्धाच खरा समज आहे. जन्माच्या घटकेचा ताण वाचतो, परंतु नऊ महिन्यांचे ओझे त्या तळाने वाहिलेलेच असते. म्हणून ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांनीही व्यायाम करावा. नैसर्गिक प्रसूतीस धीराने साहाय्य करणाऱ्या परिचारिका तयार व्हाव्यात, म्हणून २०१७ पासून तेलंगण सरकारने हैदराबादच्या फर्नांडिस रुग्णालयाच्या मदतीने प्रसूतिशिक्षण सुरू केले. अशी परिचारिका भेटेल तेथे तिला मोकळेपणाने प्रश्न विचारावेत.

बाळंतिणीचे सव्वा महिन्याचे दिवस

बाळंतपणानंतर एक-दोन दिवसांत, दुखत नसेल इतपत, हलके आवळणे सुरू करावे. लघवीची नळी घातलेली असेल तर ती काढल्यानंतर आरंभ करावा. टाके असले तरी हरकत नाही. उलट हलक्या हालचालीने रक्त खेळते आणि सूज उतरण्यास मदत होते. प्रथम काहीच जाणवले नाही तरी घाबरू नये. ताणलेल्या स्नायूंना जाग येण्यास काही दिवस लागतात. बाळास पाजण्यास घेतले की आपला एक पाठ करावा. बाळ दिवसातून आठ-दहा वेळा पिते. त्यांतील तीन वेळा आईनेही आपल्या देहाची काळजी घेतली, तर वेगळा वेळ काढावा लागत नाही.

आपल्या जुन्या चालीरीतींत पुष्कळ शहाणपण आहे. सव्वा महिना बाळंतिणीस विसावा द्यावा, तिच्याकडून जड काम घेऊ नये, तिला डिंक, हळीव, खसखस, तूप असा सकस आहार द्यावा, ही रीत या दुखण्यावर उत्तम औषध आहे. दुर्दैवाने गरिबीमुळे प्रथम तीच मोडते; वेचणीच्या दिवसांत बाळंत झालेली बाई पंधराव्या दिवशी शेतात दिसते.

काही रीती मात्र सुधारावयास हव्यात. पोट सुटू नये म्हणून जुन्या लुगड्याने ते करकचून बांधले जाते. त्यामुळे पोटातील दाब खाली, म्हणजे सैलावलेल्या तळावरच पडतो. आधारापुरते हलके बांधावे. श्वास घेताना अडचण होऊ नये. बाळंतिणीस पाणी कमी देण्याची चालही सोडावी. पाणी कमी पडले की बद्धकोष्ठ होते, आणि शौचास कुंथणे हा या तळाचा मोठा शत्रू आहे. भरपूर पाणी, पालेभाजी, डाळ आणि फळ द्यावे. उंच संडासावर बसावे लागत असेल तर पायाखाली पाट घ्यावा. जखम रोज स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडी करावी. तिच्यावर राख, हळद किंवा दुसरे काही लावू नये.

सहा आठवडे बाळापेक्षा जड असे काही उचलू नये. कळशी, लाकडाची मोळी, खताचे घमेले आणि कापसाचे गाठोडे ही चारही या काळात वर्ज्य समजावीत.

घरच्यांना दोन शब्द

पतिराजांनी हे सदर येथवर वाचले असेल तर त्यांचे अभिनंदन. विवाहाच्या वेळी सुखदुःखात साथ देण्याचे वचन त्यांनी दिलेले आहे. त्यातील एक भाग सव्वा महिना पाणी भरण्याचा आहे, असे त्यांनी समजावे. गर्भाशय खाली आलेल्या बाईस पुढे शस्त्रक्रियेसाठी शहरात न्यावे लागते, आणि त्यास लागणाऱ्या खर्चाच्या मानाने सहा आठवड्यांची मजुरी थोडीच आहे. बाळंतिणीची प्रकृती पुरती सावरेपर्यंत संयम ठेवावा, आणि दोन मुलांत निदान दोन वर्षांचे अंतर राहील याचा विचार दोघांनी मिळून करावा; कारण ताणलेल्या तळास सावरण्याआधीच पुन्हा ओझे आले तर तो झोळ कायमचा पडतो.

सासूबाईंना विनंती ही की, आपण जे सोसले ते सुनेनेही सोसावे, असा हट्ट त्यांनी धरू नये. उलट स्वतःचा अनुभव सांगून तिचे तोंड उघडावे. आणि वय झाले म्हणून स्वतःचे दुखणे संपले असे समजू नये. हे व्यायाम साठाव्या वर्षीही करता येतात, आणि त्या वयातही गुण येतो.

केव्हा डॉक्टरांकडे जावे

घरच्या व्यायामाची एक मर्यादा आहे. ती ओळखणे हाही शहाणपणाचाच भाग. बाळंतपणानंतर अंगावरून फार जाऊ लागले, ताप आला, दुर्गंधी येऊ लागली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लघवी खोकताना नव्हे, तर रात्रंदिवस सतत गळत राहिली, विशेषतः फार लांबलेल्या प्रसूतीनंतर, तर मूत्राशयास छिद्र पडलेले असू शकते. ते व्यायामाने भरत नाही. त्यास शस्त्रक्रिया लागते, आणि ती केल्यास स्त्री पुष्कळदा पूर्ववत होते. शौच किंवा वारा धरवत नसेल तर आतील फाट राहून गेली असण्याचा संभव आहे. तेही लपवू नये. योनिमार्गात गोळ्यासारखे काही हातास लागले, किंवा तीन महिने नियमाने व्यायाम करूनही लघवी गळतच राहिली, तर तपासणी अवश्य करून घ्यावी. सुरुवातीची अवस्था असेल तर व्यायामानेच भागते. पुढची असेल तर आत बसविण्याचे रबरी किंवा सिलिकॉनचे कडे मिळते, आणि त्यापुढे शस्त्रक्रिया आहे. गर्भपिशवी काढण्याचा सल्ला मिळाल्यास, घाईने होकार न देता दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्यावे.

जैनथकडील भगिनींना आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. प्रथम आरोग्य केंद्रात आणि मग आदिलाबादच्या सरकारी रुग्णालयात जावयाचे, तेथे बहुधा तेलुगूत बोलावयाचे. आणि जी गोष्ट मराठीतही ओठांवर येत नाही ती परक्या भाषेत, परक्या माणसापुढे कशी सांगावी? यावर साधा उपाय असा. गावच्या आशाताईंना किंवा दोन्ही भाषा जाणणाऱ्या विश्वासू बाईस बरोबर न्यावे, आणि काय सांगावयाचे ते घरूनच ठरवून निघावे: त्रास केव्हापासून आहे, किती बाळंतपणे झाली, खोकताना होतो की सतत, बाहेर काही येते काय. एवढ्या चार गोष्टी सांगितल्या की डॉक्टरांचे निम्मे काम झाले. स्त्री डॉक्टर किंवा परिचारिका तपासण्यास असावी असे म्हणण्यात संकोच बाळगू नये.

आमच्या आजीच्या पिढीने हे दुखणे पदराखाली झाकून नेले, आईच्या पिढीने ते मुकाट्याने सोसले. आपल्या लेकींना मात्र पहिल्या खेपेस माहेरी आणाल तेव्हा डिंकाच्या लाडवांबरोबर ही गोष्टही त्यांच्या ओटीत घाला. पुढच्या वेचणीस पऱ्हाटीच्या सरीतून चालताना जर एखादी बाई खोकली आणि न थांबता पुढे चालू लागली, तर आजचे हे लिहिणे कारणी लागले असे आम्ही समजू.